चाळीचे भाग्य आणि ब्लॉकाचा इतिहास

मुंबईच्या राहत्या घरांसंबंधी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील मानाचे पान चाळीने घेतले आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली प्रसिद्ध झाली. चाळ म्हणजे माणुसकी आणि ब्लॉक म्हणजे बंद दार, हे समीकरण आमच्या लेखकांनी व त्यांहूनही अधिक आमच्या टीकाकारांनी तेव्हापासून पाठ करून ठेवले आहे. (स्वतः पु. लं.चे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वती बागेत व पुढे पार्ल्यास, म्हणजे उपनगरातच गेले, याची आठवण अशा वेळी कोणी काढीत नाही.)

हे समीकरण तपासून पाहावयाचे असेल, तर निखिल राव यांचा ‘हाउस, बट नो गार्डन’ हा इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचावा. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने तो 2013 साली प्रसिद्ध केला. 1898 ते 1964 हा त्याचा काळ व दादर-माटुंगा हे त्याचे मुख्य क्षेत्र होय. 1896 च्या प्लेगाने मुंबई हादरली, 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने आखलेल्या सरळ रस्त्यांवर मध्यमवर्गाची नवी वस्ती उभी राहिली. उपनगर म्हणजे बागेतले स्वतंत्र घर, ही इंग्रजी कल्पना. येथे मात्र घर मिळाले ते मजल्यावरचे, आणि बाग गॅलरीतील तुळशीच्या कुंडीवर भागवावी लागली. ग्रंथाचे नाव किती नेमके आहे, हे यावरून कळेल.

एकावर एक कुटुंबे राहण्याचा संकोच केवळ आपणांसच होता असेही नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनच्या सभ्य गृहस्थास ही पॅरिसची परकी रीत वाटे. म्हणूनच नॉर्मन शॉ याच्या आल्बर्ट हॉलजवळील इमारतीसारख्या घरांस ‘मॅन्शन’ असे उमरावी नाव देऊन त्याची समजूत घातली गेली. आपल्याकडे हेच काम ‘सदन’, ‘निवास’ व ‘भुवन’ या शब्दांनी केले. कचित ‘मॅन्शन’ही आले.

पण खरी अडचण नावाची नव्हती, शौचकूपाची होती. स्वयंपाकघराच्या व देवघराच्या छताखालीच शौचकूप, ही गोष्ट सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या कुटुंबांस सहजासहजी मानवणारी नव्हती. राव यांनी या प्रश्नास जे महत्त्व दिले आहे, ते आम्हांस ग्रंथाचे सर्वांत मोठे गुण वाटते. ब्लॉक म्हणजे ज्याचा नळ, मोरी व शौचकूप स्वतःच्या दाराआड आहे असे घर, ही व्याख्या एकदा ध्यानी धरली की चाळीच्या मायेची वर्णने निराळी वाचता येतात. पहाटे नळाच्या रांगेत उभे राहणे, सामाईक शौचकूपापाशी डबा घेऊन तिष्ठणे, अंधाऱ्या जिन्याने बादल्या वाहणे, हे ज्या स्त्रियांच्या वाट्यास आले, त्यांनी चाळीची स्तोत्रे गायली नाहीत. ती गायली त्यांच्या घरच्या पुरुषांनी, तीही बहुधा ब्लॉकात राहावयास गेल्यावर. बंद दाराचा निषेध करणाऱ्या टीकाकाराने हे दार कोणास हवे होते, हे आधी विचारावयास नको काय?

अर्थात दाराबरोबर जातही आत आली. गांवदेवीस श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने 1915 साली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. सहकाराचे हे धाडस मोठेच होते. परंतु सहकार जातीपुरता होता. पुष्कळ इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना असे, आणि त्यावरून सफाई करणाऱ्याने यावे व जावे, अशी योजना असे. दर्शनी भाग नव्या युगाचा आणि पाठीमागचा जिना जुन्या युगाचा! ब्लॉकाचे गोडवे गाणाऱ्यांनीही या जिन्याने एकदा उतरून पाहावे.

ग्रंथाविरुद्ध आमची तक्रार एवढीच की, माटुंग्यापलीकडची साष्टी त्यात शेवटी, आणि मुख्यतः महामुंबईच्या कारभाराच्या निमित्ताने येते. वस्तुतः तिकडची कथा वेगळी आहे. मुलुंडचे चौकटीदार रस्ते ट्रस्टाने आखले नाहीत. जमीनदार झवेरभाई रामजीभाई शेठ यांनी 1922 साली क्राउन आणि कार्टर या वास्तुशास्त्रज्ञांकडून ते आखून घेतले. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी 1928 साली धावू लागली. अंधेरी व घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले ते 1950 साली, बोरिवली व मुलुंड 1957 साली. म्हणजे आखणी आधी, गाडी नंतर, आणि नगरपित्यांची सत्ता सर्वांच्या मागून. त्यातच 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीस बांधली गेली. भाड्यासाठी घर बांधण्यात मालकास अर्थ उरला नाही, व मालकीचा ब्लॉक विकण्याची चाल वाढली. तिच्यासाठी 1963 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. भाडेकऱ्याचा मालक झाला की जिना, गच्ची व शेजार यांचा अर्थ कसा पालटतो, हे पाहण्यास अंधेरी-मुलुंडच्या गल्ल्यांइतके चांगले स्थळ नाही.

हे काम मराठी ग्रंथकाराचे आहे आणि त्यास फार वेळ उरलेला नाही. पुनर्विकासाच्या लाटेत तीन मजली इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत. इमारतीबरोबर तिचा मूळ नकाशा, भाडेपावत्या आणि सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते रद्दीत जातात. चाळीस निदान विनोदी लेखक तरी भेटला. ब्लॉकाच्या वाट्यास अद्याप तेवढेही आलेले नाही.