शेजवानमध्ये नसलेलं तिरफळ

(भाट्ये येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मुंबईतल्या चायनीज हॉटेलांवर बोलायला भाट्याला कशाला आलात, असं मघाशी एका काकांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. मुंबईच्या चायनीजमध्ये जे नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. तिथपर्यंत येतो, पण जरा फिरून येतो.

मुंबईच्या चायनीजवर एक टीका सगळ्यांच्या तोंडी असते. हे काही खरं चायनीज नव्हे! शांघायला चार दिवस जाऊन आलेला माणूस तर हे हमखास सांगतो. मला ही टीका आळशी वाटते. मंचुरियनचंच घ्या. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे आचारी. १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये त्यांनी चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, अशी हकिगत सांगितली जाते. आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्यासारखीच परतायची, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. मंचुरियात शोधायला जाल तर हा पदार्थ सापडायचा नाही. पण म्हणून तो खोटा कसा? दोन्हीकडची चव हाताला ठाऊक असलेल्या माणसानं समोरच्या गिऱ्हाइकासाठी केलेला तो मुंबईचा पदार्थ आहे.

तेव्हा त्याला त्याच्याच मापानं मोजा ना. गोळा आत पिठाळ राहिलाय का? रस्सा खळीसारखा झालाय का? लसूण करपलाय का? 'ड्राय की ग्रेव्ही' हा प्रश्न विचारल्याशिवाय मुंबईत ऑर्डर पुढे सरकत नाही. मंचाव सूप 'वन बाय टू' येतं, वर तळलेल्या नूडल्स, बाजूला व्हिनेगरमधल्या मिरच्या. ही सगळी आपली रीत आहे, आणि चांगली रीत आहे. लसूण नसलेलं जैन शेजवान तर जगात फक्त मुंबईलाच सुचू शकतं. (हशा)

आता शेजवान. माझी तक्रार इथे सुरू होते. मंचुरियन हे नुसतं ठेवलेलं नाव आहे. शेजवान म्हणजे सिचुआन, चीनच्या नैऋत्येचा एक मोठा प्रांत, आणि तिथल्या जेवणाला स्वतःची पक्की ओळख आहे. ती ओळख 'मा-ला' अशी सांगतात. ला म्हणजे तिखट. मा म्हणजे बधिर करणारं, जिभेला मुंग्या आणणारं. हा 'मा' येतो सिचुआन मिरीतून. मिरी म्हणतात खरं, पण आपल्या काळ्या मिरीशी तिचं काही नातं नाही. नातं आहे ते तुमच्या तिरफळाशी! झाड अगदी तेच नव्हे, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात दोन्ही एकाच प्रजातीतली, झँथोझायलम. वापरही तसाच. काळं बी टाकून द्यायचं, साल ठेवायची. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घातली की ओठांवर ज्या झिणझिण्या येतात ना, तोच 'मा'. म्हणजे सिचुआनची अर्धी चव इथल्या आजीला ठाऊक आहे, आणि मुंबईत आठवड्यातून तीनदा ट्रिपल शेजवान खाणाऱ्या नातवाला नाही.

कारण त्याच्या ताटात ती नसतेच. १९७०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालं आणि सिचुआनी जेवण मुंबईत आलं. तिथून ते चौकातल्या लाल गाडीपर्यंत उतरताना फक्त 'ला' उरला. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि रंग. तोपर्यंतही ठीक होतं, कारण प्रत्येक आचारी आपापलं वाटण करायचा. मग बाटली आली. आता डोसा शेजवान, सँडविच शेजवान, भेळ शेजवान, आणि सगळ्यांची चव एक. बाटलीनं गाडीवाल्याचे कष्ट वाचवले हे मान्य, पण त्याचा हातही काढून घेतला.

हा विसर नुसता चवीचाही नाही. १९६२च्या युद्धाच्या वेळी आसाम-बंगालकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. त्यात म्हातारे होते, पोरं होती. कित्येक जण तिथे काही वर्षं होते. सुटल्यावर पुष्कळ कुटुंबं देश सोडून गेली. आपण त्यांच्या पदार्थांना 'आपलं देसी चायनीज' म्हणतो, आनंदानं म्हणतो. त्या माणसांना 'आपलं' म्हणायची वेळ आली तेव्हा काय केलं, ते मेनूकार्डावर छापलेलं नसतं. कुलाब्यात लिंग कुटुंबाचं 'लिंग्ज पॅव्हेलियन' आहे. गेलात तर तिथे फ्राईड राईस मागवून उठू नका. आज मासा कुठला ताजा आहे आणि तुम्ही तो कसा करता, एवढं विचारा. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागू नये.

आणि इथल्या गाडीवाल्यांना एक सांगणं आहे. मुंबईची बाटली मुंबईला राहू दे. सुक्या तिरफळाची साल कोरडी भाजा, लाल मिरची आणि लसणाबरोबर कुटा, आणि मिरकरवाड्याची कोळंबी मोठ्या आचेवर परतून वरून घाला. त्या प्लेटला मी बिनदिक्कत शेजवान म्हणेन. फक्त साल करपू देऊ नका, कडू होते.

आता प्रश्न घेऊ. काका, तुमचा आधी.