आयकर कायदा आणि बालसंगोपनाचा खर्च : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

कोणता खर्च आवश्यक आणि कोणता निव्वळ घरगुती, याविषयीची समाजाची धारणा करकायद्यातील वजावटींतून व्यक्त होत असते. या दृष्टीने भारतीय आयकर कायद्यातील मुलांविषयीच्या तरतुदी तपासल्या असता त्यांत एक लक्षणीय विसंगती आढळते. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

विवेचन :

आयकर कायदा, १९६१ मधील कलम ८०सी अन्वये दोन मुलांपर्यंतचे शिक्षण शुल्क दीड लाख रुपयांच्या एकत्रित मर्यादेत वजावटीस पात्र होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकांनी प्ले-स्कूल आणि नर्सरीचाही त्यात समावेश केला होता. म्हणजे मुलाला शाळेच्या नावाने तीन तास बसविल्यास ते शुल्क ग्राह्य. तेच मूल उरलेला दिवस ज्या पाळणाघरात किंवा शेजारच्या मावशींकडे काढते, तेथील खर्च मात्र अग्राह्य! कायद्याला मूल दिसते ते शाळेच्या दारात. त्यापूर्वीची अडीच-तीन वर्षे, जेव्हा आईच्या नोकरीचा प्रश्न सर्वांत बिकट असतो, हिशेबाबाहेरच राहतात. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने कलमांची फेरमांडणी केली. संगोपनाच्या खर्चासाठी स्वतंत्र वजावट त्यातही नाही.

याउलट, मुलाच्या नावे उत्पन्न असल्यास कायदा तत्पर असतो. १९९२ च्या वित्त कायद्याने आणलेल्या कलम ६४(१ए) नुसार अल्पवयीन मुलाचे उत्पन्न, त्याने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले वगळता, पालकाच्या उत्पन्नात मिळविले जाऊ लागले. सूट प्रतिमूल अवघी १,५०० रुपये. मिळकत पालकाची आणि संगोपन खासगी, असा हा न्याय आहे. खर्च मोजणे अवघड, हा बचावही टिकत नाही. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी कलम ८०डीडी ने प्रत्यक्ष खर्चाचा आकडा न पाहता ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची ठरावीक वजावट दिली होती.

अमेरिकेतील पद्धती वेगळी आहे. तेथे १९७६ पासून मुलांच्या देखभालखर्चावर करसवलत मिळते व आता ती तेरा वर्षांखालील मुलांसाठी आहे. एका मुलासाठी ३,००० आणि दोन वा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च विचारात घेतला जातो व त्याचा काही टक्के भाग करातून वजा होतो. फॉर्म २४४१ मध्ये मूल सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता आणि करओळख क्रमांक द्यावा लागतो. नियोक्त्याने दिलेला लाभही नोंदवावा लागतो, जेणेकरून एकाच खर्चावर दोनदा सवलत घेतली जाऊ नये. तेथील मराठी कुटुंबात आजी भारतातून जाऊन नातवंड सांभाळते, तेव्हा मात्र या फॉर्मवर लिहिण्याजोगे काहीच नसते.

हीच सवलत भारतात आणावी, अशी मागणी सहज सुचते. कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम) सारख्या गावाच्या संदर्भात ती तपासली असता तिचा तोकडेपणा लक्षात येतो. गावातून कारंज्याला ये-जा करणाऱ्या शिक्षिकेचे मूल ज्या बाईकडे राहते, ती पावती देत नाही. शिवाय २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार? सोयाबीनच्या सोंगणीला वा कापूस वेचणीला जाणारी मजूर स्त्री तर विवरणपत्राच्या वाटेलाही जात नाही. वजावटीचा लाभ शेवटी मोठ्या शहरांतील मोठ्या पगारांकडेच झुकेल.

म्हणून प्रश्न वजावटीचा कमी आणि प्रत्यक्ष पाळणाघराचा अधिक आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ मधील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच संख्या कायम ठेवली. लहान गावातील शाळा, पतसंस्था, दवाखाने क्वचितच ती गाठतात आणि शेताला तर आस्थापना कोणी म्हणत नाही. उरते ती केंद्राची पाळणा योजना. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर, ही तिची कल्पना या गावांना अधिक जवळची आहे. मात्र दिवसाला साडेसात तासांची तिची चौकट नोकरदार आईच्या वेळेशी जुळणारी आहे. सोंगणीला निघणारी बाई त्याआधीच घराबाहेर पडलेली असते.