ऋषिपंचमीची कहाणी : विटाळाचे वाङ्मय

चातुर्मासातील कहाण्यांच्या भाषेचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले आहे. आटपाट नगर, तुटक वाक्ये, बायकांच्या तोंडचा लहेजा. कौतुक खोटे नाही. पण ही गोड भाषा काय वाहून आणते, हे भाद्रपद शुद्ध पंचमीच्या कहाणीवरून तपासावे.

एका ब्राह्मणाची बायको विटाळशी असताना भांड्यांना शिवली. त्या दोषाने ती पुढच्या जन्मी कुत्री झाली. तिच्या संपर्काने नवरा बैल झाला. दोघेही मुलाच्याच दारी. मुलाने बापाचे श्राद्ध घातले आणि बाप दिवसभर उपाशी नांगराला! खिरीत सर्पाने गरळ टाकले. जेवणारे ब्राह्मण मरतील म्हणून कुत्रीने खिरीला तोंड लावले. सुनेने तिला कोलिताने झोडपले. रात्री दोन मुकी जनावरे एकमेकांना दुःख सांगतात. हा प्रसंग खरोखर हृदयद्रावक आहे.

आणि इथेच कहाणी स्वतःविरुद्ध साक्ष देते. गेल्या जन्मी भांड्याला लागलेला हात पाप ठरला. या जन्मी त्याच घरात भांड्याला लागलेल्या तोंडाने माणसे वाचविली. तरी सुटका होते ती या कृतीने नव्हे, मुलाने केलेल्या सप्तर्षींच्या व्रताने. माणुसकीला पुण्याच्या हिशेबात जमाच नाही.

संस्कृत व्रतकथा तर अधिक उघड बोलते. इंद्राच्या ब्रह्महत्येचा वाटा स्त्रीच्या माथी मारून ती सांगते : रजस्वला पहिल्या दिवशी चांडाळी, दुसऱ्या दिवशी ब्रह्मघातिनी, तिसऱ्या दिवशी धोबीण, चौथ्या दिवशी शुद्ध. सवर्ण स्त्रीची अशुद्धी मोजण्यासाठी माप कुणाचे घेतले? आमच्या आयाबहिणींचे. फरक इतकाच, की जन्माने चांडाळ ठरविलेल्या स्त्रीला चौथा दिवस नाही.

शुद्धीचा हा व्यवहार महाडला सर्वांनी पाहिला. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध केले. ऋषिपंचमीला आघाड्याच्या काड्याही १०८च लागतात! त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जळाली ती पुरुषांच्या मुक्तीपुरती नव्हती.

२८ सप्टेंबर २०१८च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून होणाऱ्या बहिष्काराचा संबंध अस्पृश्यतेशी, संविधानाच्या कलम १७शी जोडला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी हे कलम जातीय अस्पृश्यतेपुरते मानून विरोधी मत दिले. व्रतकथेने मात्र दोन्ही विटाळ केव्हाच एका शब्दात बांधले आहेत.

बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून होणारी ऋषीची भाजी रुचकर असते. ती खुशाल खावी. पण वर्गात ही कहाणी लोकसाहित्य म्हणून शिकविणाऱ्यांनी संस्कृत व्रतकथा शेजारी ठेवून शिकवावी, आणि चांडाळी हा शब्द आला की तो गाळून पुढे जाऊ नये.