गाणे कोणाचे? रवींद्रसंगीत आणि आपले नाट्यपद

रवींद्रसंगीत ऐकून आपल्याकडील जाणती मंडळी बहुधा एकच अभिप्राय देतात : ‘गोड आहे, पण एकसुरी.’ इंदूरच्या मैफलींवर ज्यांचा कान घडला, हातोदसारख्या गावीही ज्यांनी नाट्यपदे जपली, त्या आपल्या कुटुंबांत हा अभिप्राय स्वाभाविकच म्हणावा लागेल. तथापि तो एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.

दोन्ही परंपरांचा उदय जवळजवळ एकाच वेळचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे, ‘सौभद्र’ १८८२ चे. या दोहोंच्या मध्ये, १८८१ मध्ये, कोलकात्यास जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात ‘वाल्मीकिप्रतिभा’ हे गीतनाट्य झाले; वाल्मीकीची भूमिका स्वतः रवींद्रनाथांनी केली. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी यांच्या चाली योजिल्या. रवींद्रनाथांनी रागांच्या जोडीला आयरिश चालीही घेतल्या. दोघांनाही चाल हवी होती ती प्रसंग पुढे नेण्यासाठी.

वाटा वेगळ्या झाल्या त्या नंतर. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांत गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी रागविस्ताराला दार उघडले आणि पद गायकाचे झाले. रवींद्रनाथांच्या लेखी मात्र चाल रचनाकाराचीच राहिली. दिलीपकुमार रॉय यांच्याशी झालेली त्यांची चर्चा याच प्रश्नाभोवतीची. तेव्हा तानेचा अभाव हे तेथे न्यून नव्हे, ती निवड आहे. ‘चित्रांगदा’, ‘चंडालिका’, ‘श्यामा’ या नृत्यनाट्यांत शब्द, सूर आणि पदन्यास बरोबरीने चालतात. मध्येच तान आली तर नर्तकीचे पाऊल थबकेल.

या शिस्तीची किंमतही मोजावी लागली. देबब्रत बिश्वास यांच्यासारख्या समर्थ गायकाच्या काही ध्वनिमुद्रणांना विश्वभारतीच्या संगीत मंडळाने संमती नाकारली. आपल्याकडे उलट घडले : पदे उरली, नाटक विरले. ‘सौभद्रा’तले पद गाणाऱ्यास ते कोणत्या प्रसंगीचे, एवढे विचारून पाहावे. आता तर बालगंधर्वांची तानही ध्वनिमुद्रिकेबरहुकूम घोटली जाते. म्हणजे शब्द सुटला तो सुटलाच, स्वातंत्र्यही राहिले नाही.

आपल्या शेजारच्या देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांनी आपल्या कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातील ‘उमजलेले’ हा शब्द मोलाचा. ज्याला गाणे उमजले, त्याचे ते झाले. मग तो चालीत राहो वा चालीबाहेर जावो. रवींद्रसंगीत ऐकताना ताना न मोजता ही कसोटी लावावी, आणि पुढच्या बैठकीत आपल्या नाट्यपदालाही तीच लावण्याचे धैर्य दाखवावे.