पातळी स्थिर आहे, पण कोणती?

तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांत 'टाकीतील द्रवाच्या पातळीचे नियंत्रण' हा प्रयोग ठरलेला असतो. एक पारदर्शक टाकी, पंप, झडप, पातळी मोजणारा संवेदक आणि नियंत्रक एवढी त्याची सामग्री. विद्यार्थी हवी ती पातळी ठरवून देतो, निचरा वाढवून मुद्दाम गडबड करतो आणि आलेख काढतो. नियंत्रण केवळ प्रमाणी असेल, तर पातळी खुणेपासून थोडी दूरच स्थिरावते. त्याला समाकलनाची जोड दिली की ही तफावत नाहीशी होते. निष्कर्ष लिहिला, सही झाली, प्रयोग संपला.

हा प्रयोग निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. घरच्या टाकीतला तरंगता गोळा हेच तर करतो! नळ वाहता ठेवला, तर टाकीतले पाणी खुणेच्या थोडे खालीच थांबते; कारण झडप उघडी राहण्यासाठी गोळा खाली असावाच लागतो. तफावत का उरते, हे यातून छान उमगते. आमची तक्रार वेगळी आहे. या प्रयोगात नियंत्रकाचे एवढे कौतुक होते, की मापनाकडे कोणी पाहतच नाही.

टाकीच्या तळाशी बसवलेला संवेदक पातळी पाहत नाही. तो दाब मोजतो. हा दाब म्हणजे उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. प्रयोगशाळेत नेहमी साधेच पाणी असल्याने घनता विसरली जाते. समजा, संवेदकाच्या खुणा १.१ घनतेच्या मिठाच्या पाण्यावर केल्या (लिटरभर पाण्यात सुमारे १५० ग्रॅम मीठ) आणि नंतर टाकीत साधे पाणी घेतले. नियंत्रकाला ५० सेंटिमीटर पातळी ठरवून दिली, तर पाणी ५५ सेंटिमीटरवर जाऊन थांबेल. पडद्यावर मात्र ५० दिसेल, तफावत शून्य असेल आणि आलेख आदर्श येईल. टाकीची उंची ५२ सेंटिमीटर असेल, तर पाणी जमिनीवर!

ही केवळ कल्पनेची करामत नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात सुमारे ५२ मीटर उंचीचा मनोरा सुरू करताना त्यात द्रव भरत गेला. तेथील पातळीमापक बुडलेल्या दंडगोलावरील प्लावक बलावर चालणारा होता आणि मनोऱ्याच्या तळाकडील थोडाच भाग मोजत होता. दंडगोल पूर्ण बुडाला; पुढे द्रव तापून त्याची घनता घटली आणि प्लावक बलही घटले. त्यामुळे प्रत्यक्षात मनोरा जवळजवळ भरत आला असताना मापक पातळी उतरत असल्याचे दाखवत राहिला. शेवटी द्रव बाहेर उसळून पेटला. १५ जण मृत्युमुखी पडले, १८० जखमी झाले. बाहेर जाणारी वाट बंद राहणे, उच्च पातळीचा इशारा न वाजणे अशी इतर कारणेही होतीच. पण मुळाशी होता तो शाळेत शिकवला जाणारा आर्किमिडीजचा नियमच.

शाळेतील शिक्षकांनाही हे दाखवता येईल. अर्धा किलोचा दगड ताणकाट्याला टांगून आधी साध्या व मग मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवा. दोन्ही भांड्यांत पातळी सारखीच असली, तरी काटा निरनिराळे आकडे दाखवेल.

महाविद्यालयांनी प्रयोग बदलण्याची गरज नाही. टाकीला एक साधी मोजपट्टी चिकटवावी आणि प्रयोगवहीत तीन प्रश्न वाढवावेत: संवेदक खरोखर काय मोजतो? त्याच्या खुणा कोणत्या द्रवावर केल्या? टाकीच्या काठापर्यंतचे त्याला कळते का? ही उत्तरे लिहिल्याशिवाय सही करू नये, एवढेच आमचे सुचवणे आहे.