उंचवट्याचा हिशेब

बेसबॉलमध्ये १९८५ साली न्यूयॉर्क मेट्सचा पिचर ड्वाइट गुडन वीस वर्षांचा होता. दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर सरासरी अवघ्या १.५३ धावा लागल्या. बॉब गिब्सनची १९६८ची सरासरी १.१२, म्हणून गिब्सन कितीतरी श्रेष्ठ, हा निवाडा उतावळा आहे. गिब्सन १५ इंची उंचवट्यावरून चेंडू टाकत होता. त्या मोसमात फलंदाज इतके हतबल झाले, की १९६९पासून उंचवटा १० इंचांवर आणला गेला. नॅशनल लीगच्या सरासरीशी (१९६८ : २.९९, १९८५ : ३.५९) ताडून पाहिले, तर दोघांतले अंतर बरेच आटते. गिब्सन पुढेच राहतो. पण तो बत्तीस वर्षांचा, मुरलेला. गुडनची सरासरी पुन्हा कधी दोनखाली आली नाही. तरीही उतरत्या कारकिर्दीच्या मापाने तो मोसम मोजणे अन्यायाचे. वर्चस्व आणि थोरवी यांची मापे वेगळी.