सांबरशिंगाची मूठ: कौतुक आणि वर्णन

घडीच्या जुन्या चाकूंवर लिहिणारी मंडळी, बहुतेक विलायती संग्राहक, एका शब्दापाशी आली की हळवी होतात. तो शब्द म्हणजे ‘नॅचरल स्टॅग’. हरणाच्या शिंगाची, वरची खरबरीत साल तशीच ठेवलेली मूठ. कुठल्याही दोन मुठी सारख्या नसतात, हातात घसरत नाही, वापरून वापरून मधासारखा रंग येतो, वगैरे. यातलं काहीच खोटं नाही. पण तुम्ही भौतिक संस्कृती, हस्तकला किंवा व्यापाराचा इतिहास अशा कुठल्या विषयावर संशोधनाचा आराखडा लिहायला बसला असाल, तर या कौतुकाकडे जरा तिरक्या नजरेने बघायला शिका. कौतुक करणारा माणूस वस्तू नीट बघतोच असं नाही. पुष्कळदा तो शब्दच बघत असतो.

आधी शब्दाचंच बघू. मराठीत आपण सरसकट ‘शिंग’ म्हणतो. आमच्या मंगरूळपीरच्या एका अंगाला कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे आणि दुसरीकडे काटेपूर्णा. काळविटाचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि त्यावर नखाच्या जातीच्या द्रव्याचं आवरण. ते आयुष्यभर टिकतं, गळत नाही. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग मात्र निव्वळ हाड असतं. ते फक्त नराला येतं, वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, ती सुकून सोलली जाते, आणि हंगाम संपला की साधारण दरवर्षी अख्खं शिंग गळून पडतं. काटेपूर्णाच्या जंगलात चौसिंगा आणि भेकर दोन्ही आहेत. दोघेही लहान चणीचे, दोघांनाही शिंगं. पण चौसिंग्याचं शिंग पहिल्या जातीचं आणि भेकराचं दुसऱ्या. मुठीच्या कामात हा फरक फार मोठा आहे. पहिल्या जातीचं शिंग उष्णतेने मऊ होतं, दाबून सपाट करता येतं, त्याला आकार देता येतो. दुसरं तसं वाकत नाही. ते कापायचं, घासायचं, आणि जसं वाढलं तसंच स्वीकारायचं.

म्हणून एखाद्या संग्रहालयातल्या चिठ्ठीवर नुसतं ‘शिंगाची मूठ’ लिहिलेलं दिसलं की समजा, अर्धी माहिती तिथेच सांडली. मराठीत यासाठी शब्दच नाही अशी तक्रार मी ऐकली आहे, ती मला पटत नाही. ‘सांबरशिंग’ हा शब्द आपल्या घरांत कधीचा आहे. सर्दी-खोकल्यात ते सहाणेवर उगाळून छातीला लावणाऱ्या आज्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील, आणि वैद्यांच्या कपाटात शृंगभस्म असे. उपाय खरा की खोटा हा इथला मुद्दा नाही. शब्दात प्राण्याचं नाव शाबूत राहिलंय, हा आहे.

इंग्रजी शब्दाने नेमकं हेच नाव पुसलं. ‘स्टॅग’ म्हणजे मुख्यतः युरोपातल्या तांबड्या हरणाचा नर. शब्द कानावर पडला की स्कॉटलंडच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात शेफील्डच्या कारखान्यांत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मुठींसाठी जे शिंग सर्वांत पसंत केलं जाई, ते भारतातल्या सांबराचं. कारण सरळ आहे. सांबराच्या शिंगाची बाहेरची भिंत जाड आणि घट्ट असते, आतला भुसभुशीत गाभा त्या मानाने कमी, आणि पृष्ठभागावर खोल पन्हळी. चितळाचं शिंग त्यापुढे गुळगुळीत आणि बारीक. म्हणजे ज्या गुणांवर संग्राहक जीव टाकतात, ते गुण आपल्याकडच्या एका जनावराचे आहेत आणि नाव दुसऱ्याच जनावराचं लागलंय. वसाहतकाळातल्या व्यापारावर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही: माल एका ठिकाणचा, नाव दुसऱ्या ठिकाणचं.

गंमत म्हणजे तोच माल परतही येई. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चाकू, चांदणी आणि क्रूस ही १७६४ पासूनची खूण असलेले, हिंदुस्थानच्या बाजारात नावाजलेले होते. तेव्हा एखादं शिंग इथून जहाजाने जाऊन मूठ बनून इथेच परत आलं असणं शक्य आहे. पण सावध राहा. ‘शक्य आहे’ आणि ‘या चाकूबाबत असं झालं’ यांत एक अख्खं प्रकरण मावतं. हातातल्या एका चाकूवरून तुम्ही ते सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी बंदरांच्या नोंदी, कंपनीच्या वह्या, भावपत्रकं लागतील. मार्गदर्शकाने या वाक्यावर लाल पेन फिरवला तर वाईट वाटून घेऊ नका.

आता वस्तूकडे वळू, कारण खरा आनंद इथे आहे. घडीचा चाकू म्हणजे पातं, पाठीची कमान, दोन बाजूंना पितळेचे पातळ पत्रे आणि त्यांवर खिळ्यांनी बसवलेल्या मुठीच्या दोन फाका. फाका शिंगाच्या बाहेरच्या भिंतीतून कापाव्या लागतात. शिंग गोल, वाकडं, टोकाकडे निमुळतं. त्यामुळे योग्य जाडीच्या आणि सालीचा पोत शाबूत असलेल्या फाका एका शिंगातून थोड्याच निघतात. त्यातून दोन्ही बाजूंना शोभेल अशी जोडी लावायची. जुना चांगला चाकू उलटसुलट करून बघा. दोन्ही बाजूंच्या पन्हळी एकमेकींची नक्कल करत नाहीत, पण उंची, दिशा, रंग यांत त्यांचं जमलेलं असतं. ही निवड कुणीतरी ढिगासमोर बसून केलेली आहे. संग्राहक याला निसर्गाची किमया म्हणतात. मला ती त्या अनाम कारागिराची नजर वाटते, आणि ‘नॅचरल’ या शब्दावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तो शब्द जंगलालाही श्रेय देत नाही आणि कामगारालाही.

रंगाचंही तसंच. जिवंत सांबर झाडांवर शिंग घासतो तेव्हा उंचवटे झिजून फिके, चकचकीत होतात आणि खाचांत काळपट तपकिरी रंग मुरतो. पुढे माणसाचा तळहात तेच काम चालू ठेवतो. म्हणजे झीज दोन हातांची, त्यातला एक जनावराचा. नकली मूठ इथेच पकडली जाते. बैलाच्या हाडावर हत्याराने खाचा पाडून, रंगवून हुबेहूब दिसणारी मूठ करतात. लांबून फसायला होतं. भिंगाखाली मात्र खाचांना ताल दिसतो: तीच रुंदी, तेच अंतर, हत्यार उचलून पुन्हा टेकवल्याची खूण. खऱ्या शिंगाच्या पन्हळी वाहतात, मध्येच जुळतात, विरून जातात. फाकेची कड बघा. आतल्या बाजूला भुसभुशीत गाभ्याचे छिद्राळ ठिपके सापडले तर अंदाज पक्का होत जातो. प्लॅस्टिकला यातलं काहीच नसतं, फक्त साच्याची शिवण असते. आणि सुई तापवून टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वस्तू जाते, आणि शिंग काय, हाड काय, वास आला तरी त्यातून जात ठरत नाही.

आता जोखमीची बाब. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलात सापडलेली शिंगं-हाडं हीसुद्धा वनोपज ठरतात, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर सांबराच्या शिंगाच्या व्यवहारावर कायद्याची बंधनं आली. गेल्या शतकाच्या शेवटी निर्यातही थांबली. त्यानंतर परदेशात जुन्या साठ्याला भाव चढला आणि लेखांतलं कौतुकही वाढलं. शिंग दरवर्षी आपोआप गळतंच, मग उचललं तर बिघडलं काय, हा युक्तिवाद तुम्हाला सर्वत्र भेटेल. बिघडतं ते असं: गळलेलं आणि मारून काढलेलं शिंग, एकदा फाका कापल्यावर, मुठीवरून वेगळं ओळखता येत नाही. शिवाय जंगलात पडलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदर आणि उंदरांच्या जातीचे प्राणी ते कॅल्शियमसाठी कुरतडतात. तेव्हा क्षेत्रकामात कुणी ‘नमुना घ्या’ म्हणून शिंग पुढे केलं तर घेऊ नका, विकत तर अजिबात नको. घरात जुनी वस्तू असेल तर तिच्या कायदेशीर स्थितीबद्दल वनविभागाला विचारा. ज्या घराने वस्तू दाखवली त्याचा ठावठिकाणा कळेल असा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. संशोधकाचं कौतुक बाजारात किंमत म्हणून वाचलं जातं.

एक गोष्ट मात्र या लेखनाच्या बाजूने बोलायला हवी. मुठीकडे इतक्या बारकाईने बघायची सवय आपल्या अभ्यासांत कमी आहे. आपण पातं, धार, घाट, कोरीवकाम यांवर पानंच्या पानं लिहितो. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्त्यांसमोर थांबा आणि एकदा फक्त हात कुठे धरतो तेवढंच बघा. वऱ्हाडातल्या लोहाराने बाभळीची मूठ ठोकलेली साधी सुरी घ्या. तिच्यावरही रेषांची दिशा, खिळ्याभोवतीची चीर, अंगठ्याने झिजलेली बाजू असं सगळं आहे, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून मूठ सैल झाली की गुंडाळलेला तारेचा वेढाही. तिच्यावर कुणी हळवं होत नाही, एवढाच फरक.

नोंदीचा कागद भरताना मी आता असं लिहायला सांगेन: ‘घडीचा चाकू, पोलादी पातं, पितळी पत्रे, मूठ मृगकुळातील प्राण्याच्या शिंगाची, पोतावरून बहुधा सांबर, दोन फाका, तीन खिळे, डाव्या फाकेवर मधल्या खिळ्यापासून कडेपर्यंत चीर, उंचवटे झिजलेले, उजवीकडे जास्त.’ मग ‘स्रोत’ हा रकाना. तिथे ‘भारत’ असं लिहायचा मोह होईल. पुरावा नसेल तर तो कोरा सोडा, आणि कोरा का सोडला ते शेऱ्यात लिहा.